‘सामना’ : फलकावरचा आणि पडद्यावरचा

दुकानावरील पाटी आणि दुकानातील माल यांचा मेळ असावा, ही व्यवहारातील साधी अपेक्षा आहे. किराण्याच्या दुकानात शिरलेल्या गिऱ्हाइकास कोणी पादत्राणे दाखवू लागला, तर ते गिऱ्हाईक संतापून बाहेर पडेल. नाट्यगृह आणि चित्रपटगृह यांना मात्र समाजाने या बाबतीत पुष्कळ सवलत दिलेली आहे. भित्तिपत्रकावर नटीचे कटाक्ष असावेत आणि आत कीर्तन निघावे, बाहेर कीर्तनाचा थाट असावा आणि आत कटाक्ष निघावेत, असे प्रकार प्रेक्षकाने वर्षानुवर्षे सहन केले आहेत. बहुतेक वेळा ही शुद्ध फसवणूक असते आणि तिचा विचार करण्याचे कारण नसते. परंतु क्वचित असेही घडते की, पाटीवर लिहिलेल्यापेक्षा आतला माल अधिक मोलाचा निघतो आणि प्रेक्षक फसला तो त्याच्या भाग्यानेच, असे म्हणावे लागते. राजकारणाची थट्टा करणाऱ्या चित्रपटांच्या वाट्यास हे भाग्य विशेष आलेले दिसते. कारण राजकारण हा विषयच असा आहे की, त्याची खरी पाटी दारावर लावली तर गिऱ्हाईक फिरकत नाही, आणि सत्ताधाऱ्यांची नजर मात्र तात्काळ वळते.

महाराष्ट्रात या गोष्टीची परंपरा जुनी आहे. १९३८ साली कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सचा ‘ब्रह्मचारी’ हा बोलपट निघाला. लेखन आचार्य अत्रे यांचे, दिग्दर्शन मास्टर विनायक यांचे. या बोलपटाचे नाव घेतले की, पोहण्याच्या पोशाखातील मीनाक्षी शिरोडकर आणि त्यांचे ते जलाशयातील गाणे यांचीच आठवण पुढील पिढ्यांना राहिली. त्या पोशाखाने त्या काळी गहजब माजविला आणि तोच गहजब चित्रपटाची जाहिरात ठरला. परंतु पोशाख पाहण्यास गेलेल्या प्रेक्षकांपुढे प्रत्यक्षात आले ते एक राजकीय-सामाजिक प्रहसन. औदुंबर नावाचा साधाभोळा तरुण एका देशभक्ताचे ब्रह्मचर्यावरील व्याख्यान ऐकतो, भिंतीवरील नटींची चित्रे काढून टाकतो आणि राष्ट्रोद्धारासाठी एका संस्थेत जाऊन दाखल होतो. शिस्त, व्यायाम, व्रत आणि वक्तृत्व यांनी देश सुधारतो, असे मानणाऱ्या त्या काळच्या एका संपूर्ण मनोवृत्तीची ही थट्टा होती. नटींची चित्रे फेकून देणाऱ्या नायकाची गोष्ट नटीच्या चित्रावर खपली, यातील गंमत अत्र्यांच्या ध्यानात आली नसेल असे संभवत नाही.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १९३९ साली, याच लेखक-दिग्दर्शकांनी ‘ब्रँडीची बाटली’ काढली. मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ अधिकारावर होते आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मुंबई शहरात दारूबंदीचा अंमल सुरू झाला. अशा वेळी बाटलीचे नाव फलकावर झळकावे, याचा अर्थ प्रेक्षकाने काय घेतला असेल, हे सांगावयास नको. आत काय होते? ब्रँडी म्हणजे काय पदार्थ, हेही ज्यास ठाऊक नाही, असा बगाराम नावाचा एक कारकून. औषधासाठी ब्रँडी हवी म्हणून तो बिचारा ती शोधीत गावभर भटकतो. दामुअण्णा मालवणकरांनी ही भूमिका केली. नावात दारू आणि कथेत दारूचा गंधही नसलेला नायक, अशी ही योजना. दारूबंदीचा उपदेशही झाला आणि दारूबंदीच्या उपदेशकांची गंमतही झाली.

जगातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण याच्या नंतरच्या वर्षाचे आहे. १९४० साली चार्ली चॅप्लिनचा ‘द ग्रेट डिक्टेटर’ प्रदर्शित झाला. चॅप्लिनचे नाव ही हास्याची हमी होती. लोक हसावयास गेले आणि हसले. परंतु शेवटी न्हाव्याचा वेष टाकून चॅप्लिन कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा राहतो आणि कित्येक मिनिटे गंभीर भाषण करतो. हे भाषण कलेच्या दृष्टीने दोष की गुण, याविषयी टीकाकारांत मतभेद झाले. तथापि एक गोष्ट खरी की, ते भाषण ऐकण्यासाठी म्हणून कोणी तिकीट काढले नसते. विदूषकाच्या पाटीखाली ते लक्षावधींनी ऐकले.

या परंपरेतील मराठी चित्रपटांपैकी ज्याचा परिणाम सर्वांत खोल झाला, त्याचा संबंध अहमदनगर जिल्ह्याशी येतो. २०२४ साली या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. तो चित्रपट म्हणजे १९७५ सालचा ‘सामना’. त्याचा विचार करण्यापूर्वी, ज्या भूमीतून त्याची कथावस्तू उगवली, त्या भूमीकडे थोडे पाहिले पाहिजे.

नगर जिल्हा हा वस्तुतः दोन जिल्ह्यांचा मिळून झालेला आहे. उत्तरेस अकोले, संगमनेर, राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरी हा भाग. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी या पट्ट्यातील कोरड्या काळ्या जमिनीचे रूप पालटले. दक्षिणेस पाथर्डी, कर्जत, जामखेड हा अवर्षणाचा मुलूख. एकीकडे ऊस आणि दुसरीकडे ज्वारी, एकीकडे पाटाचे पाणी आणि दुसरीकडे आभाळाकडे लागलेले डोळे. एकाच कलेक्टरच्या कचेरीखाली या दोन्ही सृष्टी नांदतात.

कालव्याचे पाणी आले, पण त्याचा लाभ प्रथम मोठ्या खाजगी साखर कंपन्यांना झाला. लहान बागायतदार गूळ करी, आणि गुळाचा भाव पडला की सावकाराकडे जाई. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी हे जवळून पाहिले होते. शालेय शिक्षण बेताचे, पण व्यवहाराची जाण पक्की. १९२३ साली त्यांनी लोणी येथे पतपेढी उभी केली. पुढे १९४५ साली बेलापूर येथे बागायतदारांची परिषद भरली. तिचे अध्यक्ष अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ होते. शेतकऱ्यांनी स्वतःच्या मालकीचा साखर कारखाना काढावा, हा विचार तेथून मूळ धरू लागला. विखे पाटलांनी खेडोपाडी हिंडून भाग गोळा केले, गाडगिळांनी अध्यक्षपद पत्करले आणि वैकुंठभाई मेहतांनी सहकाराच्या बाजूने सरकारी दारे उघडून दिली. १९५० साल संपता संपता प्रवरानगरच्या कारखान्याचे पहिले गाळप सुरू झाले. ज्याचा ऊस त्याचाच कारखाना, ही कल्पना प्रत्यक्षात आली. १९६१ साली पंडित नेहरू तो पाहण्यास आले, त्याच वर्षी विखे पाटलांना पद्मश्री मिळाली.

या यशाचा प्रसार वेगाने झाला. नगर जिल्ह्यातच कोपरगाव, संगमनेर, राहुरी, श्रीगोंदे, नेवासे अशा ठिकठिकाणी कारखान्यांची धुराडी उभी राहिली. त्यांच्या मागोमाग शाळा, महाविद्यालये, दवाखाने, दूधसंघ, बँका आल्या. १९६० सालचा सहकारी संस्थांचा कायदा आणि १९६२ साली सुरू झालेली जिल्हा परिषद-पंचायत समित्यांची रचना यांनी ग्रामीण नेतृत्वाच्या हाती प्रथमच खरी सत्ता आणि खरा पैसा दिला. हे मोठे कार्य होते, आणि त्याविषयी तुच्छतेने बोलण्याचा अधिकार शहरात बसून साखर खाणाऱ्यास मुळीच नाही.

परंतु प्रत्येक मोठ्या संस्थेचीही एक पाटी असते. सहकाराच्या पाटीवर लिहिलेले होते की, एक सभासद, एक मत, भाग किती घेतले याचा विचार नाही. काळ लोटला, तशी काही ठिकाणी या पाटीमागे निराळीच रचना तयार झाली. ऊस केव्हा तोडला जाईल, मुलाला नोकरी लागेल की नाही, कर्ज मंजूर होईल की नाही, मुलीला महाविद्यालयात जागा मिळेल की नाही, हे सारे एकाच माणसाच्या मर्जीवर अवलंबून राहू लागले. तो माणूस कारखान्याचा अध्यक्ष, बँकेचा संचालक, शिक्षणसंस्थेचा प्रमुख आणि निवडणुकीचा सूत्रधार. जुन्या वतनदार पाटलास गावकऱ्यांनी निवडलेले नव्हते. या नव्या पाटलास त्यांनी स्वतः हात वर करून निवडले होते, आणि म्हणून त्याच्याविरुद्ध तक्रार करावयाची ती कोणापुढे, हा प्रश्न अधिक बिकट झाला.

हा प्रश्न ज्याला चित्रपटाच्या रूपाने मांडावासा वाटला, तो मनुष्य उसाच्या पट्ट्यातला नव्हता, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. रामदास फुटाणे हे जामखेडचे, म्हणजे जिल्ह्याच्या कोरड्या टोकाचे. व्यवसायाने चित्रकलेचे शिक्षक. हास्यकवी आणि वात्रटिकाकार म्हणून त्यांनी पुढे मोठे नाव मिळविले, ते विधान परिषदेचे सदस्यही झाले. पाटाचे पाणी ज्याच्या शेतातून वाहते, त्याला त्या पाण्याचा आवाज ऐकू येईनासा होतो. दूर उभ्या असलेल्यास तो स्पष्ट ऐकू येतो. चित्रकलेच्या शिक्षकाने चित्रपटनिर्मितीसाठी पैसा उभा करणे हे व्यवहारदृष्ट्या साहस होते. परंतु त्यांनी जी माणसे जमविली, त्यांवरून त्यांची पारख दिसून येते.

पटकथा विजय तेंडुलकर यांची. सत्ता आणि हिंसा यांचे नाते हा तेंडुलकरांच्या त्या काळातील लेखनाचा ध्यासच होता. दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेल यांच्याकडे आले. दौंडला बालरोगतज्ज्ञ म्हणून रुग्ण तपासणारा हा तरुण, तेंडुलकरांचेच ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ साली रंगभूमीवर आणून गाजला होता, परंतु चित्रपट त्याने पूर्वी केलेला नव्हता. संगीत भास्कर चंदावरकर यांचे. मास्तरांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू, हिंदूराव धोंडे पाटलाच्या भूमिकेत निळू फुले, आणि सोबत मोहन आगाशे व स्मिता पाटील.

आता या नावांकडे १९७५ सालच्या साध्या प्रेक्षकाच्या नजरेने पाहावे. तमाशापटांचा तो बहराचा काळ होता. १९५९ सालच्या ‘सांगत्ये ऐका’ने पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे मुक्काम ठोकला, तेव्हापासून फेटा, घुंगरू, ढोलकी आणि दुष्ट पाटील ही मराठी चित्रपटाची चलनी नाणी झाली होती. तीनच वर्षांपूर्वी, १९७२ साली, व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’ने कमालीचे यश मिळविले होते. ‘द ब्लू एंजल’ या जर्मन चित्रपटाच्या बीजावरून उभारलेल्या त्या कथेत डॉ. लागूंनी तमाशाच्या नादाने अधःपतित झालेला आदर्श शिक्षक रंगविला होता, आणि निळू फुलेही त्यात होते. निळूभाऊ तर ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगनाट्यातून आणि १९६८ सालच्या ‘एक गाव बारा भानगडी’तून बेरकी ग्रामीण पुढाऱ्याच्या रूपाने घरोघर पोहोचले होते. अशा स्थितीत फलकावर पुन्हा तोच मास्तर, तोच पाटील, आणि वर ‘सामना’ हे नाव! शिवाय लता मंगेशकर यांच्या आवाजात जगदीश खेबुडकरांचे, जखमी हरिणीचे रूपक घेतलेले एक आर्त शृंगारगीत. हे सर्व एकत्र केले की, प्रेक्षकाच्या मनात कोणते चित्र तयार होईल? पाटील आणि मास्तर यांची झुंज, मध्ये एखादी बाई, शेवटी दंडाला दंड भिडणार आणि दुष्टाचा नाश होणार. कोणीही खोटे बोललेले नव्हते. नाव खरे होते, नट खरे होते, गाणे खरे होते. तरीही या सर्वांनी मिळून जे आश्वासन दिले, ते चित्रपटाने पाळले नाही.

पडद्यावर काय येते? एक म्हातारा, फाटका, दारूच्या आहारी गेलेला मास्तर एका सधन गावात येऊन पडतो. स्वातंत्र्यलढ्यात त्याने भाग घेतलेला आहे, गांधींच्या शिकवणुकीवर त्याचा पिंड पोसलेला आहे, परंतु आता त्याच्याजवळ बाटलीवाचून दुसरा आधार उरलेला नाही. गावाचा धनी हिंदूराव त्याला हाकलून देत नाही. उलट घरी आणतो, जेवू घालतो, प्यावयास देतो, आपल्या कारखान्याचे आणि उद्योगांचे वैभव हौसेने दाखवितो. यजमान दिलदार आणि पाहुणा कृतज्ञ, असा हा सुखाचा संसार चाललेला असतो. एवढ्यात मास्तराच्या कानावर एक नाव येते – मारुती कांबळे. हा इसम गावात होता, आता नाही. आणि मास्तर विचारू लागतो की, त्याचे झाले काय?

एवढेच. यापलीकडे मास्तराजवळ काहीही शस्त्र नाही. त्याला तपास करण्याचा अधिकार नाही, त्याच्यामागे पक्ष नाही, वर्तमानपत्र नाही. शुद्धीत असला तर कदाचित तोही गप्प बसता. परंतु दारूच्या धुंदीत तो प्रश्न त्याच्या तोंडून पुन्हा पुन्हा बाहेर पडतो, आणि गावातील एकेक चेहरा पांढरा पडत जातो. ‘सामना’तील विनोदाची जात येथे ध्यानात येते. येथे कोणी घसरून पडत नाही, कोणी बोबडे बोलत नाही. हसू येते ते दोन गोष्टींतील अंतरामुळे: प्रश्न अगदी साधा आणि त्याने उडणारी धांदल प्रचंड. हिंदूराव हा दहा गावांचा राजा. परंतु एका झिंगलेल्या म्हाताऱ्याचे तोंड कसे बंद करावे, हे त्याला कळत नाही. मारावे तर पाहुणा, पाजावी तर तोंड अधिकच सुटते. गांधी टोपीची खिल्ली उडविणारे एक खेळकर गाणेही चित्रपटात आहे. परंतु त्या गाण्यापेक्षा अधिक तिखट थट्टा या पाहुणचारातच भरलेली आहे.

निळू फुले यांनी हिंदूराव ज्या रीतीने साकार केला, तीही प्रेक्षकाच्या अपेक्षेस धक्का देणारी होती. नेहमीचा चित्रपटीय पाटील मिशीवर ताव देतो आणि गरजतो. हा पाटील फारसे ओरडत नाही. तो कर्तबगार आहे, त्याने खरोखरच ओसाड गावाचे नंदनवन केलेले आहे, आणि त्याविषयी त्याला खराखुरा अभिमान आहे. त्याच्या दृष्टीने मारुती कांबळे हा या भव्य हिशेबातील एक किरकोळ आकडा. इतक्या लोकांचे कल्याण झाले, तेव्हा एकाचे काय झाले, हे विचारणे म्हणजे कृतघ्नपणाच नव्हे काय? हा युक्तिवाद प्रेक्षकाला क्षणभर पटतोदेखील, आणि पटल्याबद्दल पुढच्याच क्षणी त्याला स्वतःची लाज वाटते. खलपुरुषाचा युक्तिवाद पटावा, असे कोणत्याही जाहिरातीत सांगता येत नाही.

येथे ‘ब्रँडीच्या बाटली’ची सहज आठवण होते. १९३९ सालच्या त्या बोलपटातील नायकास बाटली म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. १९७५ सालच्या या मास्तरास बाटलीवाचून दुसरे काही उरलेले नाही. मधल्या छत्तीस वर्षांत मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला, पुढे साठीच्या दशकात महाराष्ट्राने त्या बंधनांत सवलती दिल्या, आणि साखर कारखान्यातून साखरेबरोबर निघणाऱ्या मळीपासून मद्यार्क काढणे हा एक राजमान्य उद्योग झाला. दारूबंदीसाठी एके काळी पिकेटिंग करणाऱ्या पिढीच्या प्रतिनिधीला, स्वातंत्र्यानंतरच्या समृद्धीने तीच दारू आग्रह करून पाजावी, ही या चित्रपटातील सर्वांत कडवट कोटी आहे. ती शब्दांत कोठेही केलेली नाही.

आणि तो ‘सामना’? दंड-बैठकांचा सामना शेवटपर्यंत होतच नाही. हिंदूरावाला अखेर कायद्यापुढे जावे लागते, परंतु त्यात विजयाची तुतारी वाजत नाही. मास्तर जिंकल्यासारखा दिसत नाही. त्या यजमानाविषयी त्याच्या मनात वैर उरलेले नाही, उलट एक चमत्कारिक जिव्हाळा उत्पन्न झालेला आहे. कवी आरती प्रभू यांनी लिहिलेले आणि रवींद्र साठे यांनी गायिलेले, ओझे आणि खांदा यांविषयीचे गीत ऐकताना प्रेक्षकाच्या मनात एकच विचार घोळत राहतो: हे पाप नक्की कोणाचे, आणि ते कोणी वाहावयाचे? खरा सामना दोन पुरुषांमधील नव्हताच. तो माणसाच्या बऱ्या चाललेल्या संसारात आणि त्याच्या सदसद्विवेकबुद्धीत होता. नाव खोटे नव्हते, फक्त प्रेक्षकाने त्याचा सोपा अर्थ घेतला होता.

या चित्रपटास पुढे आणखी एक जाहिरात लाभली, आणि ती कोणी रचलेली नव्हती. १९७५ सालच्या बर्लिन चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धेत ‘सामना’ची निवड झाली. तो महोत्सव २७ जून रोजी सुरू झाला. २५ जूनच्या रात्री दिल्लीत आणीबाणी जाहीर झालेली होती. नाहीशा झालेल्या माणसाविषयी विचारणारा चित्रपट परदेशात दाखविला जात असताना, मायदेशी कित्येक माणसे एका रात्रीत घरांतून उचलून तुरुंगांत नेली गेली होती. वर्तमानपत्रांवर पूर्वनियंत्रण आले होते. साखरेच्या गावातील एका खेडुताविषयी लिहिलेला प्रश्न साऱ्या देशाला लागू पडावा, अशी वेळ आली. लेखकाने किंवा निर्मात्याने हे योजिले नव्हते. काळानेच चित्रपटाच्या फलकावर नवी अक्षरे रंगविली.

त्याच सुमारास दुसऱ्या एका राजकीय प्रहसनाची काय गत झाली, ते पाहण्यासारखे आहे. अमृत नाहटा यांनी ‘किस्सा कुर्सी का’ हा हिंदी चित्रपट काढून १९७५ साली परीक्षण मंडळाकडे पाठविला. त्याच्या नावातच खुर्ची होती. थट्टा उघड होती, रोख उघड होता. चित्रपट जप्त झाला आणि त्याच्या मूळ फिती व प्रती नष्ट करण्यात आल्या. आणीबाणी संपल्यानंतर हे प्रकरण न्यायालयात गेले आणि गाजले. नाहटांनी तोच चित्रपट पुन्हा तयार करून १९७८ साली प्रदर्शित केला. दोन्ही चित्रपटांची तुलना सर्वस्वी न्याय्य नाही, कारण एकाचा रोख दिल्लीच्या सिंहासनावर होता आणि दुसऱ्याचा गावच्या गढीवर. तथापि फलकावर सगळेच लिहून ठेवणाऱ्या चित्रपटास कोणता धोका असतो आणि आतला आशय आत राखणाऱ्यास कोणता आडोसा मिळतो, एवढे तरी या दोन उदाहरणांवरून उमगते.

‘सामना’ला मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. परंतु त्याहून मोठा मान त्याला लोकांच्या जिभेने दिला. मारुती कांबळेविषयीचा तो प्रश्न चित्रपटगृहातून बाहेर पडला आणि मराठी भाषेत येऊन राहिला. चौकशी समिती नेमली गेली आणि अहवाल आलाच नाही, पैसा खर्च झाला आणि रस्ता दिसेना, फाईल हरवली, साक्षीदार फिरला, की कोणीतरी मारुती कांबळेचे नाव काढतो. अग्रलेखांचे मथळे, विधिमंडळातील कोपरखळ्या, चहाच्या टपरीवरील गप्पा, सर्वत्र हे नाव रूढ झाले. ज्यांनी चित्रपट कधी पाहिला नाही, तेही ते वापरतात. चित्रपटाची यापेक्षा मोठी जाहिरात कोणती?

परंतु याच ठिकाणी थांबून विचार करावयास हवा. चित्रपटात तो प्रश्न कोणी उच्चारला की माणसे गप्प होत. आज तो कोणी उच्चारला की माणसे हसतात. पूर्वी हसू प्रश्नाच्या मागून येई आणि घशात अडके. पुढे हसू हेच प्रश्नाचे उत्तर होऊन बसले. विचारणाराही हसतो आणि ज्याला विचारावयाचे तो पुढारीही, व्यासपीठावर बसून, दिलखुलास हसतो. आपली थट्टा सहन करणारा उदार मनाचा पुरुष म्हणून त्याची कीर्तीच वाढते. अशा रीतीने जाहिरात आणि चित्रपट यांच्यामधील अंतर उलट्या दिशेने पुन्हा उघडले. आरंभी जाहिरात करमणुकीची होती आणि आत वेदना होती. आता वेदनेचे वाक्य हीच करमणूक झाली आहे. मारुती कांबळे हा एक माणूस होता, त्याला घर होते, मागे राहिलेली बायको होती. स्मिता पाटील यांनी रंगविलेल्या त्या कमळीचे नाव मात्र म्हणीत शिरले नाही. प्रश्न अमर झाला आणि ज्याच्याविषयी तो होता, तो दुसऱ्यांदा नाहीसा झाला.

सहकाराच्या कार्यकर्त्यांना अशा चित्रणाविषयी जे वाईट वाटते, त्यातही तथ्य आहे. हिंदूराव ही कल्पित व्यक्ती आहे. तिला कोणा एका जिल्ह्याच्या, कोणा एका पुढाऱ्याचे चित्र मानणे योग्य होणार नाही. लोणीच्या पहिल्या पिढीने भागाचे पैसे गोळा करीत पायपीट केली, ती कोणा हिंदूरावाचा वाडा उभारण्यासाठी नव्हे. गुळाच्या पडत्या भावाने आणि सावकाराच्या वहीने किती मारुती कांबळे त्यापूर्वी नाहीसे झाले असतील, त्यांची गणती कोणी केलेली नाही, आणि त्यांच्यावर कोणी चित्रपटही काढला नाही. हा आक्षेप रास्त आहे. परंतु ‘सामना’ पुन्हा लक्षपूर्वक पाहिला तर असे दिसून येते की, त्याने सहकारावर नव्हे, तर सहकाराच्या पाटीवर आणि तिच्यामागील व्यवहारावर बोट ठेवले आहे. ज्या संस्थेत प्रत्येक सभासदास समान मत आहे, तेथे प्रत्येक सभासदास प्रश्न विचारण्याचाही समान अधिकार आहे. तो वापरण्यासाठी गावाला बाहेरून आलेल्या, शुद्ध हरपलेल्या मास्तराची वाट पाहावी लागली, हीच त्यातील खरी शोकांतिका. लोणीच्या कल्पनेशी चित्रपटाचे वैर नाही. त्याने फक्त त्या कल्पनेला तिच्याच शब्दाची आठवण करून दिली.

हेच लेखक-दिग्दर्शक चार वर्षांनी, १९७९ साली, अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवरून ‘सिंहासन’ घेऊन आले. तेथे गाव जाऊन मंत्रालय आले, आणि पूर्वीचा हिंदूराव आता दिगू टिपणीस नावाचा बातमीदार झाला. प्रश्न विचारणे हाच त्याचा व्यवसाय. परंतु सर्व काही ठाऊक असूनही तो काही बदलू शकत नाही आणि शेवटी वेड लागल्यासारखा हसत सुटतो. त्या हास्यात आणि ‘सामना’तील हास्यात चार वर्षांचे नव्हे, एका युगाचे अंतर आहे. मास्तराच्या प्रश्नाने निदान एक गाव हादरले होते.

जामखेडच्या चित्रकला-शिक्षकाने काढलेल्या त्या चित्रपटाचे मोल आज पुन्हा पारखावयाचे असेल, तर त्याची प्रसिद्ध झालेली म्हण क्षणभर बाजूस ठेवून तो मुळापासून पाहावा. फेटा, टोपी, नट, गाणे, नाव, बर्लिन आणि ती म्हण, या सर्व पाट्या एकामागून एक उतरविल्या की, आत एक थकलेला म्हातारा दिसतो. त्याचे हात थरथरत आहेत, जीभ जड झाली आहे, आणि तरी त्याला एका अनोळखी माणसाचे नाव विसरता येत नाही. हसू तेथेही येते. पण त्यानंतर मारुती कांबळेचे नाव गंमतीने घेणे पूर्वीइतके सोपे राहत नाही.